भाकरीतली ठिणगी

ज्यू गूढवादात देवाकडे वर चढायचं म्हणजे फक्त उपास आणि देहदंड, असं तुम्ही म्हटलंत. उपास आहेतच, पण तेवढंच नाही. गालीलमधल्या सफेद गावचे ज्यू गूढवादी आयझॅक लुरिया (मृत्यू १५७२) यांच्या परंपरेत सृष्टीच्या आरंभी दैवी प्रकाशाची पात्रं फुटली आणि त्याच्या ठिणग्या अन्नासकट सगळ्यात अडकल्या, असं मानतात. भाकरी हातात घेऊन आशीर्वचन म्हणायचं, मन लावून खायचं, की ठिणगी सुटून वर जाते, खाणाराही चढतो. हसिदी या नंतरच्या ज्यू भक्तिपंथाच्या लोकांनी हे रोजच्या जेवणात आणलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे पोट आणि प्रार्थना यांची फारकतच नाही. आणि तुम्ही विषय काढलेला मन्ना, म्हणजे बायबलच्या कथेत वाळवंटात इस्राएली लोकांसाठी आकाशातून पडलेलं अन्न? तालमूद या प्राचीन ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) अकिवा त्याला देवदूतांचं अन्न म्हणतात. देवदूत कुठे जेवतात, असं म्हणत रब्बी इश्माएल ते खोडून काढतात.