शब्दचर्चा : 'हिकरी'ला 'रानअक्रोड' म्हणावं का?

आडवाट

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या ओहायोतल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख दिलाय. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथल्या रानात हिकरी (एका रानझाडाची कठीण कवचाची फळं) वेचायला जातो, त्याबद्दल. संपादककाकांनी मुद्रितं परत पाठवली ती बघून चक्रावलो. जिथे जिथे 'हिकरी' लिहिलं होतं तिथे तिथे 'रानअक्रोड' केलंय. फोन केला तर म्हणाले, "अरे, अक्रोडाच्याच कुळातलं ना? रानात उगवतं ना? मग झालं तर! मराठी अंकात मराठी शब्द."

कुळाचं खरं आहे. पण त्याच लेखात काळ्या अक्रोडावरही एक परिच्छेद आहे आणि तोही इथे रानातच उगवतो. त्यामुळे आता वाक्य असं झालंय : "रानअक्रोडाची जाड हिरवी साल वाळली की चार फाकांत उकलते, पण रानातल्या अक्रोडाची उकलत नाही आणि हात काळे करते." वाचणाऱ्यानं यातून काय समजायचं?

तर दोन प्रश्न. हिकरीला मराठीत कुणी काही शब्द वापरलेला आठवतो का? आणि नसेल, तर हिकरी तो, ती की ते? मी 'ती' लिहितो. आई गेल्या वर्षी सहा महिने इथे होती, ती सरळ 'हिकरं' म्हणायची. "आज चार हिकरं फोडली, बोट ठेचलं."

ह्यूस्टनवाला

'हिकरं' झकास आहे. तेच ठेवा, काकूंच्या नावावर पेटंट घ्या.

जाता जाता : दुकानात मिळतं ते पेकान हीसुद्धा हिकरीच. दोघांची प्रजाती (जीनस) एकच, 'कॅरिया'. आमच्या टेक्सासात पेकानची झाडं लोकांच्या परसात असतात. आणि पेकानला काही मराठी नाव द्यावं असं आजवर कुणाच्या मनातही आलं नाही. पेकानची चिक्की करून मंडळाच्या संक्रांतीला नेली, तर लोकांनी चिक्की खाल्ली, शब्दकोश मागितला नाही.

कोकणी_मेवा

संपादकांना सांगा, 'रानअक्रोड' हे नाव आधीच गेलेलं आहे. आमच्या आजोळी विहिरीपाशी एक झाड होतं, कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसायचं. त्याला सगळे रानअक्रोडच म्हणत. हिंदीत जंगली अखरोट. त्याचा अक्रोडाशी काडीचा संबंध नाही, ते एरंडाच्या कुळातलं. बी इतकी तेलकट की दिव्यासारखी जळते. इंडोनेशियात तिला केमिरी म्हणतात आणि वाटणात घालतात, पण भाजून किंवा शिजवून. हवाईत तेच कुकुई, तिथला राज्यवृक्ष. कच्च्या बिया खाल्ल्या तर वांत्या-जुलाब ठरलेले. माझ्या मामेभावानं पैजेवर तीन खाल्ल्या होत्या. पुढचं लिहीत नाही, लोक जेवत असतील.

म्हणजे तुमच्या अंकात 'रानअक्रोड गोड लागतो, पोरंसोरं फोडून खातात' असं छापून आलं आणि तो अंक कुणी कोकणात पाठवला तर?

सरपण

कोकणी_मेवा यांच्याशी शंभर टक्के सहमत. या बाबतीत नावाची चूक थेट पोटात जाते.

मीही ओहायोतच. पहिल्या वर्षी पिशवीभर चकचकीत तपकिरी फळं गोळा करून आणली आणि 'हिकरी सापडली' म्हणून बायकोला दाखवली. शेजारच्या आजोबांनी पिशवी उलटी केली. ते बकाय होतं, या राज्याचं लाडकं झाड. फळाला डोळ्यासारखा एक फिकट डाग असतो. लोक ते शकुनाचं म्हणून खिशात बाळगतात, पण ते विषारी आहे. त्यानंतर आजोबांनी शिकवलं ते असं : फळाकडे नंतर बघ, आधी पान बघ. बकायची पानं फांदीवर समोरासमोर, आणि प्रत्येक पान पंजासारखं, पाची बोटं एका ठिकाणाहून फुटलेली. हिकरीची पानं एकाआड एक, मधल्या दांडीला दोन्हीकडून पर्णिका आणि टोकाला एक. शॅगबार्क हिकरी असेल तर बहुधा पाच पर्णिका. तिची ओळख तर लांबूनच पटते. खोडावरून सालीची हातहातभर सालपटं सुटून लोंबत असतात, जुन्या भिंतीच्या रंगाचे पोपडे सुटावेत तशी.

आणि हिकरीतही सगळ्या गोड नाहीत. हिवाळ्यात कळी गंधकासारखी पिवळीजर्द दिसली तर ती बिटरनट. एक कण जिभेवर ठेवा, दिवसभर आठवण राहील.

आता सांगा, या सगळ्यांना मिळून एक 'रानअक्रोड' कसा पुरणार?

शुद्धलेखणी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. खेद वाटला. प्रत्येक परकी वस्तू परक्या नावानिशी घरात घ्यायची हा आळस आहे. पूर्वजांनी बटाटा, पेरू, अननस घेतले…

ह्यूस्टनवाला

…तिन्ही नावं परक्यांकडूनच घेतली की हो, शुद्धलेखणी!

शुद्धलेखणी

वाक्य पुरे होऊ द्यावे. घेतले, पण घासून-पुसून मराठी करून घेतले. इथे तर मूळ वर्गासाठीच शब्द विसरलात. कठीण कवचाच्या फळाला परिभाषेत 'कपाली' असा सुंदर शब्द आहे. त्यावरून 'वनकपाली' होईल. अक्रोडाशी गोंधळ नाही, कोकणातल्या झाडाशी नाही.

पाटावरवंटा

वनकपाली म्हटल्यावर डोळ्यांसमोर स्मशानात बसलेला जटाधारी बुवा येतो. "आई, आज डब्यात काय?" "वनकपालीचा लाडू." पोर शाळेतून पळून येईल.

हलकेच घ्या. पण मुद्दा गंभीर आहे. आपल्याकडे 'नट' या वर्गाला रोजच्या बोलण्यात शब्दच नाही, कारण आपण तो वर्ग कधी पाडलाच नाही. आपण आत काय निघतं त्याला नाव दिलं. बिब्ब्याची गोडंबी, चाराची चारोळी, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, आंब्याची कोय. फळाचं नाव वेगळं, खायच्या किंवा टाकायच्या भागाचं वेगळं. त्या हिशोबानं हिकरीच्या गराला 'हिकोळी' म्हणा, चारोळीच्या चालीवर. किंवा 'हिकंबी'.

माझी आजी यवतमाळकडची. गोडंबी फोडणाऱ्या बायका तिनं बघितलेल्या. बिब्ब्याचं तेल अंगावर उडालं की उततं, म्हणून हाताला राख नाहीतर तेल चोळून बसायच्या. तरी डाग असायचेच. आपण गोडंबीचे लाडू खाताना ते हात विसरतो. तुमची हिकरी निदान उतत तरी नाही.

व्युत्पत्तीवेडा

गोडंबी = गोड + आंबी असं आमचे मास्तर सांगत. बिब्ब्याचं वरचं केशरी बोंड आंबटगोड, म्हणून. ते वाळवलं की त्याला बिब्याची फुलं म्हणतात.

आणि हिकरीबद्दल एक विचार करा. संस्कृतात हिक्का म्हणजे उचकी. हिक्का + अरि = हिक्कारि. उचकीचा शत्रू! तेलकट गर घशाखाली उतरला की उचकी थांबतच असणार.

कोकणी_मेवा

गोडंबीतली 'बी' म्हणजे बी हो, साधी बी. गोड बी. मध्ये अनुस्वार शिरला. आंबीबिंबी काही नाही.

व्युत्पत्तीवेडा

अनुस्वार असे वाट चुकून शिरत नसतात.

सरपण

हिक्कारिवाल्यांना नमस्कार. पण हिकरीची वंशावळ कागदावर आहे. व्हर्जिनियातल्या पोहॅटन या मूळ रहिवासी लोकांचा शब्द आहे तो. कॅप्टन जॉन स्मिथच्या १६१२ साली छापलेल्या व्हर्जिनियाच्या वर्णनात येतो, साधारण 'पॉकोहिकोरा' असा. आणि खरी गंमत पुढे आहे. तो झाडाचा शब्दच नाही! फळं वाळवून दोन दगडांत फोडायची, लाकडी उखळात बारीक कुटायची, पाण्यात कालवायची. कवचं तळाशी बसतात आणि पाणी दुधासारखं होतं. त्या दुधाला ते लोक पॉकोहिकोरा म्हणत. इंग्रजांनी शब्दाचं डोकं उडवलं, शेपूट ठेवलं आणि ते झाडाला चिकटवलं.

म्हणजे आपण नारळाच्या झाडाला 'सोलकढी' म्हणावं तसं झालं.

आडवाट

वा! हे माहीत नव्हतं. लेखात घालतो. (काकांनी 'पॉकोहिकोरा'चं 'रानअक्रोडदुग्ध' केलं नाही म्हणजे मिळवली.)

शुद्धलेखणी

सरपण यांनी अर्धवट सांगितले. त्याच उताऱ्यात स्मिथ त्या फळाला स्वतः काय म्हणतो? 'वॉलनट'. अक्रोड! म्हणजे नवख्या इंग्रजानेही आपल्या ओळखीचाच शब्द वापरला. मग आमच्या संपादकांनी तेच केले तर बिघडले कुठे?

सरपण

मान्य, हा मुद्दा बिनतोड आहे. फक्त इतकंच की पुढे त्याच इंग्रजांना तो शब्द अपुरा पडला, म्हणून त्यांनी हिकरी उचलला. आणि 'वॉलनट' या शब्दाचा जुना अर्थ 'परक्यांचं फळ' असाच आहे. म्हणजे शुद्धलेखणी, तुम्ही ज्या ओळखीच्या शब्दाची बाजू घेताय, त्याच्या पोटातच परकेपणा आहे.

पाटावरवंटा

ते दूध कुणी करून बघितलंय का? शब्दांचं पुढे बघू.

आडवाट

आम्ही केलंय. म्हणजे आईनं केलंय. मी तिला सांगितलं की चेरोकी लोक (तेही इथले मूळ रहिवासी) हिकरी कुटून त्याचे गोळे करून ठेवतात. त्याला 'कनुची' म्हणतात. गोळा उकळत्या पाण्यात विरघळवायचा, गाळायचा आणि मक्याच्या कण्या नाहीतर भातात घालायचा. आई म्हणाली, "मग यात शिकायचं काय? नारळाचं दूध काढतो तसंच."

सविस्तर सांगतो, कुणाला करायचं असेल तर. वेचून आणलेली फळं आधी बादलीभर पाण्यात टाकायची. तरंगतील ती बहुतेक पोकळ किंवा किडकी, ती काढून टाकायची. कवचाला बारीक गोल भोक असेल तर आतला किडा खाऊन-पिऊन केव्हाच बाहेर पडलाय. उरलेली दोन-तीन आठवडे सावलीत वाळवायची. मग हातोडी आणि सपाट दगड. बाजारातला अडकित्ता इथे कामाचा नाही, माझा एक तुटला. शॅगबार्कचं कवच त्यातल्या त्यात नरम, मॉकरनट जातीच्या हिकरीच्या वाटेला जाऊ नका. अख्खा गर काढायचा नाद सोडला की काम सोपं होतं. कवचासकट ठेचायचं, मोठ्या पातेल्यात मंद उकळायचं. कवच खाली, साय वर. फडक्यातून गाळायचं. आईनं त्यात तांदूळ घालून खीर केली, वेलदोडा घातला आणि नंतर म्हणाली, घालायला नको होता, याचा स्वतःचा वास चांगला आहे.

विल्यम बार्ट्रम नावाच्या निसर्गअभ्यासकानं १७९१ सालच्या प्रवासवर्णनात क्रीक लोकांबद्दल लिहिलंय, एकेका कुटुंबाकडे शंभर-शंभर बुशेल (इथलं धान्याचं माप, साधारण पस्तीस लिटर) हिकरी साठवलेली पाहिली, आणि दूध ताज्या सायीसारखं गोड होतं म्हणे. आमच्या एका बादलीतून चार वाट्या खीर झाली. शंभर बुशेल कुटणाऱ्या हातांचा विचार करा.

कोकणी_मेवा

खीर म्हणू नका, ती पायसम झाली.

पाटावरवंटा

तांदूळ, दूध, गोड. खीरच.

कोकणी_मेवा

नारळाच्या दुधातली असेल तर आमच्याकडे तिला खीर म्हणत नाहीत.

ह्यूस्टनवाला

मूळ प्रश्न काय होता, कुणाला आठवतंय का?

सरपण

झाडाला नाव हवंच असेल तर मी लाकडावरून द्यावं म्हणतो. कुऱ्हाडीच्या, हातोड्याच्या दांड्याला इथे हिकरीसारखं लाकूड नाही. धक्का खातं, मोडत नाही. अँड्र्यू जॅक्सन या अध्यक्षाला 'ओल्ड हिकरी' म्हणत ते या चिवटपणावरूनच. आपल्याकडे दांड्याला धावडा वापरतात. तर 'अमेरिकी धावडा'?

कोकणी_मेवा

आणि मग कुणीतरी धावड्याची फळं फोडायला बसेल. एक रानअक्रोड पुरला नाही का?

व्युत्पत्तीवेडा

जॅक्सन नाव काढलंत म्हणून : ज्या लोकांचा हा खाऊ, त्या चेरोकी आणि क्रीक लोकांना याच 'ओल्ड हिकरी'च्या १८३० च्या कायद्यानं मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं. नाव झाडाचं, झाडाखालच्या माणसांना मात्र थारा नाही. माझी हिक्कारि थट्टेवारी न्या, पण हे लेखात घाला.

आडवाट

घालतो. मनापासून धन्यवाद.

ताजी खबर : संपादककाकांना हा सगळा धागा वाचून दाखवला. कोकणातल्या रानअक्रोडाचं ऐकून जरा हलले. मामेभावाच्या पैजेपाशी 'रानअक्रोड' मागे घेतला. वनकपालीला नाक मुरडलं. हिकोळी त्यांना लहान मुलाच्या टोपणनावासारखी वाटली. मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ते उचकीवालं काय होतं रे? हिक्कारि? ते बरं आहे. संस्कृत आहे."

मी सांगितलं की ती व्युत्पत्ती खोटी आहे. म्हणाले, "व्युत्पत्ती खोटी असेल, शब्द चांगला आहे."

अंक शुक्रवारी छापायला जातोय.

व्युत्पत्तीवेडा

काकांना माझा साष्टांग नमस्कार कळवा.

शुद्धलेखणी

मराठीत 'हिक्कारी' दीर्घच राहील, शब्द तत्सम असला तरी. ऱ्हस्व छापू नये.

ह्यूस्टनवाला

अहो पण तो, ती की ते?