पोरावर इंग्लंडात दावा लागला. पेशीपर्यंत थांबावं का?

धुऱ्यावरचा, आर्वी तालुका
राम राम मंडळी. पोरगा लेस्टरले नोकरीवर आहे. मार्चमध्ये त्यानं भाड्याचं घर सोडलं. आता जुन्या घरमालकानं १,८५० पौंडांचा दावा टाकला: दोन महिन्यांचं भाडं, अन् गालिचा खराब केला म्हणून. कोर्टाचं पाकीट मागच्या गुरुवारी आलं. पोरगा म्हणते, "बाबा, पेशी लागली का पाहू." मलेही तसंच वाटलं. आमच्या शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दावा आर्वीत नऊ वर्षांपासून चालू आहे, पहिली दोन वर्षं तर समन्स बजावण्यातच गेली. पण रात्री झोप लागत नाही. तिथं पेशीच्या आधी काय काय होते?

पुलगावकर
काका, आपल्याकडेही लेखी कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या जवाबाला, कायद्यानं ३० दिवसच आहेत, कोर्टानं मुभा दिली तर ९०. थांबू नका. दारव्ह्याच्या ताई तिकडे राहून आल्या, त्यांना विचारतो.

दारव्ह्याची लेक
काका, आजच फोन करा त्याला. पाकिटात दाव्याचा तपशील असेल, तर तो बजावल्यापासून १४ दिवस मोजायचे. तेवढ्यात 'दावा मिळाला' अशी पोच भरून दिली की जवाबाला एकूण २८ दिवस मिळतात. काहीच केलं नाही, तर घरमालक नुसता अर्ज करून एकतर्फी निकाल घेतो, पेशी लागतच नाही.

माझ्यावर २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला हेच आलं. पाकीट जुन्या पत्त्यावर गेलं. गाडीचं कर्ज नाकारलं तेव्हा कळलं की नावावर निकाल लागलाय. महिन्याभरात पूर्ण पैसे भरले नाहीत तर तो निकाल ६ वर्षं कर्ज देणारे पाहतात त्या नोंदीत राहतो. रद्द करून घ्यायला अर्ज, फी, वर आपली बाजू लढण्याजोगी आहे हे दाखवावं लागलं. फार रडले होते मी तेव्हा.

जवाब गेला की प्रश्नावली येते. १०,००० पौंडांपर्यंतचा असा दावा लहान दाव्यांत जातो. मे २०२४ पासून त्यात फोनवर तासाभराची मध्यस्थी सक्तीची आहे, फुकट असते. मध्यस्थ निकाल देत नाही, आणि तिथलं बोलणं न्यायाधीशांपर्यंत जात नाही, म्हणून मोकळं बोलू द्या. नाही जमलं तर कोर्ट तारीख देतं, आणि बहुधा त्याच्या १४ दिवस आधी सगळे कागद समोरच्याला पाठवायला सांगतं. ऐनवेळी पिशवीतून कागद काढायची सोय नाही. लहान दाव्यांत जिंकणाऱ्यालाही वकिलाचा खर्च सहसा मिळत नाही, त्यामुळे बरेच जण वकिलाशिवायच लढतात.

आणि डिपॉझिट? घरमालकानं ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायला हवं होतं. ठेवलं नसेल तर त्याच्या १ ते ३ पट रकमेचा प्रतिदावा करता येतो. हे आधी तपासा.

धुऱ्यावरचा
ताई, फोन केला. बोलता बोलताच त्यानं पोच भरली. घरात शिरले त्या दिवशीचे गालिच्याचे पाच फोटो निघाले, डाग तवाही दिसते. डिपॉझिटची पावती शोधून राहिला. आता मी जेवतो.