जपानी तलवारीच्या दोन त्सुबा: घराणं ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जपानी तलवारीच्या दोन जुन्या त्सुबा माझ्याकडे आहेत. त्या कोणत्या घराण्याच्या आणि कोणत्या प्रांतातल्या, हे ओळखायला मदत हवी आहे. त्सुबा म्हणजे पातं आणि मूठ यांच्या मधोमध बसणारी धातूची चकती. किंमत विचारत नाहीये, विकायच्याही नाहीत.

मी नागोयात राहते. इथल्या ओसू कान्नोन देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुना बाजार भरतो, तिथे या मिळाल्या. विकणाऱ्या आजोबांनी "जुन्या आहेत" यापलीकडे काही सांगितलं नाही. १८७६ साली मेइजी सरकारने तलवार लावून फिरायला बंदी घातली आणि असंख्य त्सुबा आपापल्या तलवारींपासून सुटल्या. त्यामुळे मूळ तलवारीवरून माग काढायची सोय नाही. जे कळायचं ते चकतीकडे बघूनच.

खरं तर धागा काढला तो पहिल्या त्सुबासाठी. लोखंडी, गोल, उभी ७.८ सेंमी, आडवी ७.७. सही नाही. मध्यभागी जाडी साडेपाच मिमी, कडेला पाच. नक्षी आरपार कापलेली, म्हणजे सुकाशी: वर आणि खाली पंख पसरून उडणारे हंस, अगदी मोजक्या रेषांत. डावी-उजवीकडची नक्षी म्हणजे दोन भोकंच. एक अर्धचंद्राकार, म्यानातल्या छोट्या सुरीसाठी. दुसरं मध्ये फुगवटा असलेलं, कोगाइ म्हणजे केस सारखे करायच्या सळईसाठी. हे दुसरं कुणीतरी शिशाने बुजवलंय. पातं जिथून जातं त्या भोकाला वर-खाली तांब्याचे तुकडे ठोकलेत आणि भोवती छिन्नीचे घाव आहेत, म्हणजे ही एकापेक्षा जास्त पात्यांवर बसवली गेली असणार.

आता कड. तिचा छेद चौकोनी आहे, कोपरे जेमतेम मारलेले. नुसती बघितली तर गुळगुळीत वाटते. पण खिडकीपाशी तिरपी धरून बोट फिरवलं की चिक्कीत दाणे वर यावेत तशा गाठी लागतात, आणि त्या आजूबाजूच्या लोखंडापेक्षा जास्त चकाकतात. यांना टेक्कोत्सु म्हणतात. वेगवेगळ्या कठीणपणाचं लोखंड एकत्र ठोकलं की कठीण भाग असा वर राहतो. रंग काळपट जांभळा, गंज जवळपास नाही. हातात घेतली की खाली ठेववत नाही.

टेक्कोत्सु, चौकोनी कड आणि ठसठशीत, दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी, यावरून मला ती ओवारी सुकाशी वाटते. ओवारी म्हणजे हाच नागोयाचा प्रांत. त्यामुळे ती इथलीच असावी असं मनापासून वाटतं, आणि म्हणूनच स्वतःच्या निष्कर्षावर भरवसा ठेवायचा नाहीये.

कारण आणखी दोन शक्यता दिसतात. एक, एदोचं (आजचं तोक्यो) आकासाका घराणं. सतराव्या शतकात तादामासाने ते सुरू केलं आणि सुरुवातीचे घाट क्योतो आणि ओवारीच्या कामावरूनच आलेले. उडते हंस तिकडेही भरपूर. दुसरी शक्यता हिगो, म्हणजे आजचं कुमामोतो. होसोकावा तादाओकी या सरदाराच्या आश्रयाने तिथली घराणी बहरली. त्यातल्या हायाशी घराण्याच्या माताशिचीचे पूर्वज ओवारीतले बंदूक बनवणारे होते असं सांगतात. म्हणजे ओवारीचा हात थेट तिकडे क्युशू बेटावर पोचलेला! असं असेल तर नुसत्या नक्षीवरून ठरवणार कसं?

तोकुगावा संग्रहालय आणि आत्सुता देवस्थानाचं तलवारींचं दालन, दोन्ही पाहून आले. पण काचेतून कडेची जाडी कळत नाही आणि बोट तर फिरवताच येत नाही.

दुसरी त्सुबा थोडक्यात. लोखंडी, झाडाखाली चिनी वेशातले ऋषी, चेहऱ्यांवर आणि कपड्यांवर सोन्याचांदीचं जडावकाम. सही आहे: "गोशू हिकोने जू, मोगाराशी सोतेन सेइ". म्हणजे हिकोने गावच्या सोतेन या कारागिराने घडवली. सोतेनच्या नावाचा माल सर्रास नकली असतो एवढं ऐकून आहे. चेहरे मला एकसारखे वाटतात, सोन्याचा पत्रा दोन ठिकाणी उचकटलाय.

जाणकारांनी कृपया सांगावं: पहिलीसाठी नक्की काय तपासू? आगाऊ आभार.

प्रतिसाद

ताई, वर्णन इतकं नेमकं केलंत की अर्धं काम झालं.

आधी दुसरी निकालात काढू. ही हिकोने पद्धत इतकी खपायची की ऐझू प्रांतातल्या शोआमी घराण्याच्या कारागिरांनी तसाच माल ढिगाने काढला, सोतेनच्या सहीसकट. चेहऱ्यांत जीव नसेल तर सही विसरा आणि "हिकोने पद्धत, एदो काळाचा उत्तरार्ध" एवढंच धरून चाला. वाईट वस्तू नाही ती, फक्त सोतेनची नाही.

पहिलीत मात्र मलाही रस आहे. टेक्कोत्सुवर सगळा भार टाकू नका, आकासाकाच्या जुन्या कामातही ते सापडतात. भिंग घ्या आणि नक्षीच्या आतल्या भिंती बघा. कानशीचे बारीक ओरखडे दिसले तर हाताने कापलेली. बारीक शिवण किंवा रवाळ खड्डे दिसले तर ओतीव नक्कल. मग त्याच भिंतींवर आणि कडेवर आडव्या थरांच्या रेषा शोधा. आकासाकाच्या पहिल्या पिढ्या तीन पत्रे एकावर एक ठोकून चकती करायच्या, तो जोड कधी कधी दिसतो. त्यांची कड बहुधा गोलसर आणि जाडी मध्याकडून कडेकडे उतरती. तुमची अर्धा मिमी उतरतेय, हे आकासाकाच्या बाजूने. चौकोनी कड ओवारीच्या बाजूने. म्हणून पात्याच्या भोकाभोवतीच्या सपाट लंबगोलाचा आकार बघा: ओवारीत तो वर-खाली जरा टोकदार असतो. हिगोचं लोखंड फार तलम आणि काळंभोर, त्यावर इतक्या गाठी मला पटत नाहीत, म्हणून हायाशी मी शेवटी ठेवेन.

गंज काढायचं कुठलंही रसायन लावू नका, तारेचा ब्रश तर नकोच. तो जांभळा थर गेला की वस्तू गेली. लाल गंजाचा ठिपका असेल तर हरणाच्या शिंगाच्या तुकड्याने हळूहळू खरवडतात, मग सुती कापडाने रोज पुसायचं.

तुम्ही जपानातच आहात तर तोक्योच्या जपानी कला-तलवार जतन संस्थेकडे ती तपासणीला देता येईल. १९४८ पासूनची संस्था आहे, रयोगोकूला त्यांचं तलवार संग्रहालय आहे. त्यांच्या दाखल्यावर घराण्याचं नाव येतं. पण त्याआधी तीन फोटो टाका: समोरून, कडेवरून आणि शिशाने बुजवलेल्या भोकाचा जवळून. ते भोक मुळातलं आहे की मागाहून कापलंय, यावर माझं मत बदलू शकतं.

धागाकर्ती

खूप खूप आभार! लंबगोल आत्ताच पाहिला: वर स्पष्ट टोक आहे, खाली छिन्नीच्या घावांमुळे कळत नाही. थरांच्या रेषा नुसत्या डोळ्यांना दिसल्या नाहीत. भिंग आणते आणि दिवसाच्या उजेडात तिन्ही फोटो टाकते.