'हाउएव्हर'च्या आधी स्वल्पविराम का चालत नाही?

प्रश्न

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रायटिंग टास्क २ चा, म्हणजे निबंधाचा, सराव चालू आहे. तपासून आलेल्या निबंधांत अशा वाक्याखाली दर वेळी लाल रेघ असते: 'द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर वुई रीच्ड ऑन टाइम.' 'हाउएव्हर' काढून 'बट' घातलं की तेच वाक्य बरोबर ठरतं. दोन्हींचा अर्थ 'पण'च ना? मग एकाला स्वल्पविराम चालतो आणि दुसऱ्याला का नाही? 'देअरफोर', 'मोरओव्हर', 'अदरवाइज' यांचंही असंच आहे का? आणि अर्धविरामानंतर कॅपिटल अक्षर घ्यायचं का?

उत्तर १

अर्थ जवळचा आहे, जात वेगळी आहे. 'बट' हे उभयान्वयी अव्यय, त्यामुळे दोन वाक्यं जोडणं हे त्याचं कामच. 'हाउएव्हर' हे क्रियाविशेषण. मागच्या वाक्याशी नातं काय आहे एवढंच ते सांगतं, सांधा जोडत नाही. म्हणजे तुमच्या वाक्यात दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर टेकली आहेत. याला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात आणि परीक्षक तो लगेच पकडतात.

दुरुस्ती अशी: 'द ट्रेन वॉज लेट; हाउएव्हर, वुई रीच्ड ऑन टाइम.' अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम देऊन 'हाउएव्हर'पासून नवं वाक्य सुरू केलं तरी तितकंच बरोबर. अर्धविरामानंतर लहान अक्षर. विशेषनाम किंवा 'आय' आला तरच कॅपिटल. 'हाउएव्हर'च्या पुढचा स्वल्पविराम गाळू नका. 'हाउएव्हर हार्ड यू ट्राय' यात त्याचा अर्थ 'कितीही' असा होतो आणि तिथे स्वल्पविराम नसतो. या चिन्हावरूनच वाचणाऱ्याला दोन अर्थ वेगळे कळतात.

जात ओळखायची असेल तर शब्द हलवून बघा. 'वुई, हाउएव्हर, रीच्ड ऑन टाइम' चालतं, 'वुई रीच्ड ऑन टाइम, हाउएव्हर' हेही चालतं. 'बट' मात्र जागचं हलत नाही. म्हणून मी तर म्हणेन, 'हाउएव्हर' म्हणजे 'पण' हे समीकरण डोक्यातून काढाच. त्याचा खरा जोडीदार आपला 'मात्र' आहे. 'गाडी उशिरा आली. आम्ही मात्र वेळेवर पोचलो.' 'मात्र' ज्या शब्दामागे बसतो त्यावर जोर येतो, आणि वाक्याच्या मधलं 'हाउएव्हर'ही तेच करतं. 'पण' असा हलवून बघा: 'आम्ही पण वेळेवर पोचलो' म्हटलं की अर्थ 'आम्हीसुद्धा' होतो.

नियम कळल्यावर होणारी एक चूक आत्ताच सांगतो. 'हाउएव्हर' दिसलं की हात आपोआप अर्धविरामाकडे जातो आणि 'माय ब्रदर; हाउएव्हर, डिड नॉट अ‍ॅग्री' असं काहीतरी लिहिलं जातं. 'माय ब्रदर' हे वाक्य आहे का? नाही. मग तिथे दोन्ही बाजूंना स्वल्पविरामच हवेत. अर्धविरामाच्या डावीकडचा आणि उजवीकडचा मजकूर वेगवेगळा वाचा. दोन्ही स्वतंत्र उभे राहिले तरच तो तिथे शोभतो.

उत्तर २

वरच्याला पुरवणी. 'देअरफोर', 'मोरओव्हर', 'नेव्हरदलेस', 'कॉन्सिक्वेंटली', 'अदरवाइज' हे सगळे याच घरातले. 'सो' त्यांच्यातलं नाही, त्याच्या आधी स्वल्पविराम पुरतो. 'अँड देअरफोर' असं लिहिलं तरीही पुरतो, कारण जोडायचं काम 'अँड'नं केलेलं असतं.

'देन', 'दस', 'हेन्स', 'स्टिल' या छोट्या शब्दांपुढचा स्वल्पविराम बरेच जण गाळतात आणि ते चालतं. आधीचा अर्धविराम मात्र सुटत नाही. 'ही लॉक्ड द डोअर, देन ही लेफ्ट' हे वाक्य इतकं सरळ वाटतं की चूक दिसतच नाही, पण आहे ती कॉमा स्प्लाइसच. 'देन'च्या आधी 'अँड' घाला, प्रश्न मिटला. 'हेन्स'ची एक लकब आहे: पुढे नुसतं नाम आलं, जसं 'हेन्स द डिले', तर तिथे वाक्यच नसतं, म्हणून आधी स्वल्पविराम बस्स. 'वुई देअरफोर डिसायडेड टु वेट' अशा सलग वाक्यात 'देअरफोर'भोवती काही नाही दिलं तरी बिघडत नाही.

उत्तर ३

ही सवय मराठीतूनच येते. 'पाऊस जोरात होता, त्यामुळे सामना थांबला' हे आपल्याकडे निर्दोष आहे. त्याच चालीवर 'देअरफोर' लिहिलं की इंग्रजी वाक्य चुकतं.

तशीच दुसरी चूक 'जरी–तरी'ची. 'ऑलदो द ट्रेन वॉज लेट, बट वुई रीच्ड ऑन टाइम' यात 'तरी'साठी घातलेलं 'बट' जास्तीचं आहे, ते काढा. आणि 'ऑलदो'ला 'हाउएव्हर' समजून त्याच्या लगेच पुढे स्वल्पविराम देऊ नका. वाक्याच्या शेवटी येणारं 'दो' 'हाउएव्हर'सारखंच वागतं, पण ते बोलण्यातलं, निबंधात नको.

प्रश्नकर्ता

'मात्र'मुळे डोक्यात प्रकाश पडला. मग हे बघा: 'इट वॉज रेनिंग हेविली, देअरफोर द मॅच वॉज स्टॉप्ड, मोरओव्हर द ग्राउंड वॉज फ्लडेड, हाउएव्हर द क्राउड स्टेड.' इथे तीन अर्धविराम द्यायचे का?

उत्तर १

व्याकरणाला चालेल, वाचणाऱ्याला चालणार नाही. लेखनाच्या गुणांचे चार निकष असतात, प्रत्येकाला २५ टक्के वजन. त्यातला एक 'कोहिअरन्स अँड कोहिजन', म्हणजे मजकुराची सुसंगती आणि वाक्यांची सांधेजोड. जोडशब्दांचा भडिमार तिथे गुण घटवतो, चिन्हं बरोबर असली तरी.

शिवाय 'मोरओव्हर' इथे अर्थानंही चुकलंय. ते मागच्या मुद्द्याला त्याच बाजूचा आणखी एक मुद्दा जोडतं. मैदानात पाणी साचलं हे सामना थांबण्याचं कारण आहे, त्यामुळे ते आधी यायला हवं. क्रम लागला की दोन जोडशब्द आपोआप गळतात: 'हेवी रेन हॅड फ्लडेड द ग्राउंड, सो द मॅच वॉज स्टॉप्ड. द क्राउड, हाउएव्हर, स्टेड.' प्रेक्षक मात्र बसून राहिले.