शब्दचर्चा : पाचोळा कुजतो, सडतो, विरतो की जिरतो? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पानगळ

पुण्यात आमच्या घराजवळच्या बागेत यंदा वाळकी पानं झाडून न नेता झाडांखालीच ठेवायची, आणि वादळात आडवा झालेला पर्जन्यवृक्षाचा ओंडका जागीच राहू द्यायचा, असं ठरलं आहे. तिथे फलक लावायचा आहे. हाती आलेला मसुदा असा : 'मृत वृक्ष व पर्ण यांचे नैसर्गिक विघटन क्षेत्र'. सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना आणि खेळायला येणाऱ्या मुलांना यातून काय कळणार? मला 'कुजणे' हवं आहे, पण काहींना त्या शब्दाची किळस वाटते. सडणे, कुजणे, विरणे, जिरणे यांत फरक काय करावा? आणि उभ्या वाळलेल्या झाडाला काय म्हणावं?

सरीवरंबा

'कुजणे'च लिहा. किळस वाटते ती 'कुजलेल्या अवस्थेतील मृतदेह' अशा बातम्या वाचून. शेतात हा शब्द कौतुकाचा आहे. 'चांगले कुजलेले शेणखत' प्रत्येक पीकसल्ल्यात असतं, 'चांगले सडलेले' कुणी म्हणत नाही. सडतो कांदा, सडतो टोमॅटो, पाणी साचलं की सडतात मुळं. ओल जास्त आणि हवा कोंडलेली, तिथे सडतं आणि घाण मारतं. पाचोळ्याच्या थरात हवा खेळती असेल तर तो कुजतो, आणि मूठभर उचलून हुंगला तर पहिल्या पावसासारखा वास येतो. काटेकोर नियम नाही हा, पण बोलण्यात कल असाच आहे.

आमच्याकडे कोल्हापूर-सांगली भागात उसाच्या पाचटाचं, म्हणजे वाळक्या पानांचं, हेच झालं. तोड झाली की पाचट पेटवायचं, ही जुनी रीत. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट एका काडीत राख. मग 'जाळू नका, सरीत कुजवा' हा सल्ला कृषी खात्याने लावून धरला. वाळक्या पानात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, म्हणून ते सावकाश कुजतं. वर थोडा युरिया आणि कुजवणारे जिवाणू टाकले की काम लवकर होतं. जमिनीवरच्या त्या थराला शेतकरी आता 'आच्छादन' म्हणतो. ओल टिकते, तण दबतं, खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, पाणी कमी लागतं. बागेतही पाचोळा हेच काम करतो, म्हणून हा शब्द फलकावर यायलाच हवा.

जाळीचं पान

'विरणे' इतक्यात सोडू नका. कापड विरतं तेव्हा आधी मऊ भाग झिजतो आणि धागे दिसू लागतात. ओल्या कोपऱ्यात पडलेलं पिंपळाचं पान पावसाळा सरता सरता उचलून बघा. शिरांच्या मधला मऊ गर बुरशी आणि जिवाणूंनी खाऊन टाकलेला असतो आणि मागे फक्त शिरांची जाळी उरते. शिरांत लिग्निन हे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य असतं, ते पचवायला कठीण, म्हणून त्या मागाहून जातात. पान आधी विरतं आणि मग मातीत मिसळतं, इतकं नेमकं क्रियापद आपल्याकडे आहे. 'जिरणे' आणि 'मुरणे' मात्र पाण्यासाठी राखून ठेवा : पाचोळ्याखाली पाणी मुरतं.

पातेरा

कोकणातून लिहिते. आमच्याकडे झाडाखाली पडलेल्या वाळक्या पानांना पातेरा म्हणतात, आणि तो कचरा कधीच नव्हता. पातेरा गोळा करून आणायचा, गोठ्यात अंथरायचा, शेणात मिसळून खत करायचं. भाताच्या रोपांच्या जागेवर तो राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, जाळतातही, त्यामुळे जुनं ते सगळंच उत्तम असं माझं म्हणणं नाही.

लाकडाबद्दल मला जास्त बोलायचं आहे. लाकडासाठी आपले शब्द बघा : वाळवी लागली, कीड लागली, पोखरलं, भुगा झाला. सगळे घराच्या वाशाच्या आणि दाराच्या चौकटीच्या नुकसानीतून आलेले. बागेतल्या ओंडक्याचं कसलं नुकसान? तिथे वाळवी लागायलाच हवी. आपल्याकडे आढळणाऱ्या वाळवीच्या काही जाती वाळकी पानं आणि लाकूड वारुळात नेऊन त्यावर बुरशी वाढवतात, आणि पावसाळ्यात त्याच वारुळांवर खाण्याची अळंबी उगवते. बाजारात ती केवढ्या भावाने घेतो आपण! तेव्हा फलकावर 'वाळवी लागलेला ओंडका' असं खुशाल लिहा, खाली 'औषध मारू नये' असं घालून.

पानगळ

'पोखरलेलं'मधला नुकसानीचा वास माझ्या लक्षातच आला नव्हता. आता उभ्या झाडाचं सांगा. 'मृत झाड' मला परकं वाटतं.

सरीवरंबा

वठलेलं झाड. 'जळालं' म्हणू नका. पाण्यावाचून तुळस जळाली, पीक जळालं असं आपण म्हणतो, पण शहरात लोक आग शोधतील. 'वाळलेलं' फांदीला ठीक आहे.

जाळीचं पान

वठलेलं, नक्कीच. आणि 'ढोली', म्हणजे खोडातली पोकळी, विसरू नका. पिंगळा या छोट्या घुबडाला घरटं करायला ढोली लागते, 'टुक टुक' करणारा तांबट पक्षी तर वाळक्या फांदीलाच खालच्या बाजूने भोक पाडून घर करतो. सगळ्या वाळक्या फांद्या छाटल्या की 'टुक टुक' ऐकू येतं, पण त्याला पिल्लं वाढवायला जागा नसते. झाड वाटेलगत असेल तर धोक्याच्या फांद्या उतरवून बुंधा ठेवता येतो. लोकांची भीती खोटी नसते, तिला उत्तर द्यायला हवं.

नागरिक

खरा अडसर 'कचरा' या शब्दाचा आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेतली पानं-फांद्याही कचऱ्यातच मोडत होत्या. पण त्याच नियमांत त्यांच्यावर शक्यतो बागेतच प्रक्रिया करावी, असंही म्हटलं होतं, आणि उघड्यावर कचरा जाळायला मनाई होती. समितीत कुणी अडवलं तर आता लागू असलेले नियम बघून दाखवा. मुंबईत माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचरा टाकण्याच्या जागेवर उभं राहिलं. जिथे शहराने कचरा ओतला तिथे आज झाडी आहे, आणि आपण मात्र झाडाखालचं पान कचरा म्हणून गाडीत भरतो, याचं मला फार वाईट वाटतं. फलकावर 'कचरा' हा शब्द नकारातही नको. 'हा कचरा नाही' वाचून लोकांच्या डोक्यात कचराच राहतो.

पानगळ

मग असं लिहिते :

'इथला पाचोळा आणि ओंडका जागीच कुजू देत आहोत. पाचोळ्याच्या आच्छादनाखाली ओल टिकते, पाणी मुरतं. ओंडक्याला वाळवी लागू द्या, औषध मारू नका. वठलेल्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो. पानं पेटवू नका.'

पातेरा

'कुजू देत आहोत' बरोबर. 'पिंगळा राहतो' हे त्या झाडावर खरंच दिसला असेल तरच लिहा, नाहीतर 'ढोलीत पक्षी घर करतात' पुरे. आणि पेटवण्याची ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.