एफक्लोजचं उत्तर कुणी बघतं का?

शेवटचा बाइट
सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्या कुणाचाही फाइल लिहिणारा कोड उघडा. फाइल उघडणाऱ्या एफओपननंतर 'फाइल उघडली नाही' हा तपास हमखास असतो. मग फाइलमध्ये मजकूर लिहिणाऱ्या एफप्रिंटएफच्या दहा-बारा ओळी, शेवटी फाइल बंद करणारं एफक्लोज, झालं. एफक्लोज सगळं ठीक असेल तर ० परत करतं, नाहीतर ईओएफ (लिनक्सवर -१), म्हणजे काहीतरी बिघडलं. ते उत्तर कुणी बघतच नाही. माझं मत असं की एफओपनचा तपास राहिला तर बहुतेक वेळा प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो आणि चूक कळते. एफक्लोजचा राहिला तर कळायला मार्गच नसतो.

माझ्या अंगावर आलेलं सांगतो. आमचा एक प्रोग्रॅम सेटिंग्जची फाइल जपून लिहायचा. आधी तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहायची, बंद करायची, मग रीनेम करून जुनीच्या जागी ठेवायची. जेमतेम चाळीस ओळी. एका रात्री डिस्क भरली. तरी नवी फाइल उघडली गेली, कारण नुसती रिकामी फाइल तयार व्हायला डेटाची जागा लागली नाही. चाळीसच्या चाळीस एफप्रिंटएफ बिनतक्रार पार पडले, कारण सगळा मजकूर मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे पुढे पाठवण्याआधी साठवायच्या जागेत, मावत होता. बफर खाली करायची पहिली वेळ आली ती एफक्लोजमध्ये. तिथे जागा मिळाली नाही, ईओएफ परत आलं, आम्ही बघितलं नाही, आणि पुढच्याच ओळीतल्या रीनेमने चांगल्या फाइलच्या जागी ० बाइटची फाइल नेऊन ठेवली. सकाळी प्रोग्रॅम सुरूच होईना.

लिनक्सवर हे बघायला डिस्क भरायची गरज नाही. तिथे /डेव्ह/फुल नावाची फाइल असते, तिच्यावर काहीही लिहायला गेलं की 'जागा नाही' हीच चूक येते. ती एफओपनने उघडा, एक छोटी ओळ एफप्रिंटएफ करा, मग एफक्लोज करा आणि दोन्ही उत्तरं पडद्यावर छापा. पहिलं उत्तर लिहिलेल्या अक्षरांची संख्या सांगेल, दुसरं -१.

अर्धविराम
तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी नवख्यांना सी शिकवते. पाच ओळींच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कॉलला इफ लावला की पंचवीस ओळी होतात आणि फाइल म्हणजे काय हेच त्यात हरवतं. माझे विद्यार्थी अजून 'एफईओएफ होत नाही तोवर वाच' असा लूप लिहून शेवटची ओळ दोनदा छापतात. एफईओएफ पुढे काय आहे ते सांगत नाही, आधीचं वाचन फाइलच्या शेवटाला धडकलं का एवढंच सांगतं, हे गळी उतरवायला एक अख्खा तास जातो. एकेक बाइट वाचणाऱ्या एफगेटसीचं उत्तर कॅर या एका बाइटच्या प्रकारात ठेवणारे वेगळेच. तिथे २५५ किमतीचा बाइट आला की काही मशीनवर तो ईओएफसारखाच दिसून फाइल अर्ध्यातच 'संपते', आणि कॅर बिनचिन्हाचा (ऋण किंमत न धरणारा) असेल तिथे ती कधी संपतच नाही. आधी हे सुटू दे.

दुसरं, एफक्लोजने ० दिला म्हणजे तरी काय मिळालं? मजकूर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे पोचला, एवढंच. वीज गेली तर तो डिस्कवर असेलच याची हमी नाही, त्यासाठी एफसिंक लागतं. म्हणजे तुमचा तपास खोटा धीर देतो.

थेट कॉल
मुळात एसटीडीआयओ, म्हणजे या एफओपन-एफक्लोजची लायब्ररी, हवीच कशाला? ऑपरेटिंग सिस्टिमचे थेट कॉल ओपन, रीड, राइट, क्लोज वापरा. मध्ये बफर नाही, राइटने चूक दिली की ती त्याच क्षणी कळते. ज्या लायब्ररीत एक ओळ वाचणाऱ्या गेट्ससारखं फंक्शन इतकी वर्षं होतं तिच्यावर मी भिस्त ठेवत नाही. इंटरनेटवर स्वतःहून पसरलेल्या १९८८ च्या मॉरिस वर्मने वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेतल्या गेट्सचाच फायदा घेतला होता, आणि ते मानकातून काढायला २०११ चं सी११ उजाडावं लागलं.

अर्धविराम
इथे मात्र मी शेवटचा बाइट यांच्या बाजूने. गेट्स गेलं कारण ते सुरक्षितपणे वापरणं शक्यच नव्हतं. बफर किती मोठा आहे हे त्याला सांगायची सोयच नाही. त्याच्या जागी वापरायच्या एफगेट्सला सांगता येतं. आणि रीडने एकेक बाइट वाचून १ एमबीची फाइल संपवायची तर दहा लाखांवर सिस्टिम कॉल (कर्नलला घातलेल्या हाका) होतात. ४०९६ बाइटचा बफर असेल तर २५६ मध्ये भागतं. तो बफर तुम्ही स्वतः लिहाल, म्हणजे एसटीडीआयओच पुन्हा लिहाल. शिवाय राइट कधी कधी मागितलेल्यापेक्षा कमी बाइट लिहून परत येतो, तो लूपही तुम्हालाच सांभाळायचा. आणि ओपन-रीड हे पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाचं आहे, सीच्या मानकात नाही.

शेवटचा बाइट
प्रत्येक ओळीला इफ लावा असं मी म्हणतच नाहीये. प्रत्येक स्ट्रीमला, म्हणजे एफओपनने उघडलेल्या फाइलला, चुकीची एक खूण असते. लिहिताना कुठेही बिघडलं की ती लागते आणि क्लिअरएरर केल्याशिवाय पुसली जात नाही. (फाइलच्या सुरुवातीला नेणारं रिवाइंडही ती पुसतं, तेवढं सांभाळा.) म्हणून चाळीस एफप्रिंटएफ खुशाल तसेच लिहा आणि शेवटी फक्त दोन गोष्टी बघा. आधी ती खूण लागली का ते सांगणारं एफएरर, मग एफक्लोजचं उत्तर. दोन्ही हवेत. मधला एखादा बफर वाया गेला असेल आणि शेवटी लिहायला काहीच उरलं नसेल, तर एफक्लोज प्रामाणिकपणे ० देऊ शकतं. ग्नू कोअरयूटिल्समधली (कॅट, सीपी यांसारखी लिनक्सवरची मूलभूत) साधनं बाहेर पडताना स्टँडर्ड आउटपुटचा हाच तपास करतात.

एफसिंकचं म्हणणं बरोबर आहे. ज्या फाइलवर जीव आहे तिथे बफर खाली करणारं एफफ्लश, एफसिंक, एफक्लोज आणि मग रीनेम, असा क्रम हवा. पण वीज जाणं आणि डिस्क भरणं या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. पहिलीवर पूर्ण उपाय नाही म्हणून दुसरीकडे डोळेझाक करायची, हे मला पटत नाही. माझ्या त्या रात्री वीज चालूच होती.

अर्धविराम
शेवटी दोनच तपास, हे मात्र शिकवण्याजोगं आहे. पण पहिल्या धड्यात मी ते आणणार नाही. वाचन पक्कं झाल्यावर, लिहिण्याच्या दुसऱ्या धड्यात, /डेव्ह/फुल घेऊन.

शेवटचा बाइट
माझा आग्रह पहिल्याच धड्याचा. एकदा हाताला वळण लागलं की ते पुढे कुणी बदलत नाही.

नवखी
एक शंका. एफक्लोजने ईओएफ दिलं तर त्याला परत बोलवायचं का?

शेवटचा बाइट
नाही, अजिबात नाही. उत्तर काहीही येवो, तो स्ट्रीम तिथेच संपतो. तोच पॉइंटर पुन्हा दिलात तर काय होईल हे मानक सांगत नाही. रीनेम करू नका, तात्पुरती फाइल रिमूव्ह करा, जुनी आहे तशी राहू द्या आणि चूक वर कळवा. फक्त एर्नोची, म्हणजे शेवटच्या चुकीच्या क्रमांकाची, किंमत त्याआधी दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये काढून ठेवा. मध्ये रिमूव्ह फसलं तर तिच्यावर त्याची चूक चढते आणि 'जागा नाही' हे खरं कारण हातचं जातं.