आईला मालिका 'सांगताना' बनलेली माझी मतं (आणि एक प्रश्न)

खिडकीजवळचा

मी मालिका बघणारा माणूस नव्हे. टीव्ही लागला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसणारा. पण दोन वर्षांपूर्वी आईच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले. तिला समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. दारातून कुणी आलं हे कळतं, चेहरा कळत नाही. पडद्यावर बाई उभी आहे, साडी हिरवी आहे, इथवर तिचं तिला समजतं. बाई रागावलीय की हसतेय ते मी सांगायचं. रोज सात ते साडेआठ ही माझी ड्यूटी.

ही ड्यूटी करता करता माझी मतं बनत गेली. माझं माप एकच: अर्ध्या तासात मला तोंड किती वेळा उघडावं लागलं?

रोजच्या मालिकांत जवळजवळ नाहीच. पात्रं सगळं स्वतःच बोलून दाखवतात. आत आली की "तू इथे? आत्ता? या वेळी?" मनात काय चाललंय तेही मोठ्याने. मला काम लागतं ते फक्त ढॅण वाजल्यावर. तीनदा ढॅण होतं आणि आई विचारते, "काय झालं?"

"बघतायत."

"कोण?"

"सगळे."

एकदा कंटाळून मी ठोकून दिलं, "ती रडतेय." दुसऱ्या दिवशी त्याच बाई हसत हसत म्हणाल्या, "काल मला इतकं बरं वाटलं!" आई माझ्याकडे वळली. "काल रडत होती म्हणालास ना?" तेव्हापासून खोटं बंद.

आता काही मालिकांबद्दल. 'रात्रीस खेळ चाले'च्या वेळी (जुने भाग लावले होते) माझा घसा बसायचा. वाडा, अंधार, झाडं, कुणी न बोलता नुसतं कोपऱ्यात उभं. हे सगळं सांगायचं आणि शिवाय मालवणी कानावर पडत असायचं. आईला वाड्यातला विसरभोळा गडी पांडू फार आवडला, कारण त्याचं 'इसरलंय' ऐकायला डोळे लागत नाहीत. २०१६चं पहिलं पर्व मला जास्त आवडलं. त्यात घरातले कर्ते अण्णा सुरुवातीलाच जातात आणि मागे उरलेल्यांची इस्टेटीची भांडणं भुतापेक्षा भीतिदायक आहेत. २०१९च्या दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांचे जिवंत अण्णा आले. ते उत्तमच, पण मग सगळी मालिका त्यांच्याभोवती फिरत राहिली.

'आई कुठे काय करते' आईने निम्मी डोळ्यांनी आणि निम्मी माझ्या तोंडून पाहिली. तिचं मत असं, की अरुंधती अनिरुद्धपासून वेगळी झाली तिथे दिवा मालवायला हवा होता. माझंही तेच. मधुराणी प्रभुलकरांचा आवाज मात्र शेवटपर्यंत ऐकावा असा. तो चढवायचा कुठे नाही हे त्यांना कळतं.

'हास्यजत्रे'ने मात्र आमची पंचाईत केली. समीर चौघुले नुसते चालत येतात आणि सगळे हसून लोटपोट. आई विचारते काय केलं. आता काय सांगू? "चालत आले." "मग?" "मग काही नाही, चालत आले." तोवर पुढचे दोन विनोद गेलेले असतात.

तर प्रश्न असा: ज्या ऐकून समजतील, पण ज्यांत कान दुखेपर्यंत बडबड नसेल, अशा मालिका सुचवा. जुन्या चालतील, हिंदीही चालेल.

---

तिसरा मजला

पहिलं नाव 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१, तेव्हाचं अल्फा मराठी. केदार शिंदेंचं दिग्दर्शन, मूळ पुस्तक दिलीप प्रभावळकरांचंच 'अनुदिनी'. आठवड्यातून एकदा यायची, म्हणून कथेत पाणी घालावं लागलं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी घरातले आजोबा, आबा, डायरी लिहायला बसतात, म्हणजे तुमचं काम आबाच करतील.

आणि चार नातेवाईक एका घरात असूनही कुणी कुणाला विष घालत नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा. नाहीतर वाट बघत बसतील.

---

ओट्यापाशी

मी जरा उलटं बोलणार आहे. या मालिका ऐकण्यासाठीच असतात हो! मी कित्येक वर्षं पोळ्या लाटता लाटता मालिका 'बघतेय'. पाठ टीव्हीकडे. 'चार दिवस सासूचे' अकरा वर्षं चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. त्यातले मी डोळ्यांनी शंभरसुद्धा पाहिले नसतील, पण कथा विचारा, सांगते. "तू इथे? आत्ता?" हे वाक्य तुम्हाला हास्यास्पद वाटतं, मला त्यातून दारात कोण आलं ते कळतं. हाताला पीठ असतं, मान कोण वळवणार?

'होणार सून मी ह्या घरची' मात्र मीही शेवटी सोडली. जान्हवीचे दिवस इतके लांबले की आमच्या शेजारची त्याच सुमारास राहिली, बाळंत झाली, बाळाचं बारसं जेवून आम्ही आलो, तरी जान्हवी आपली तशीच.

---

कापाकापी

एडिटिंगमध्ये आठ वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्या तीन ढॅणांचा थोडा गुन्हेगार मीही आहे.

ओट्यापाशी यांचं अगदी बरोबर. आमच्या लेखकाला चॅनलकडून स्पष्ट सांगणं असायचं की भांडी घासणाऱ्या बाईला कळलं पाहिजे. म्हणून मनातलं मोठ्याने.

आणि 'सगळे बघतायत' याचं कारण वेगळं. अर्ध्या तासाच्या स्लॉटला जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं द्यायची असतात. एपिसोडची बँक (आधीच तयार करून ठेवलेले भाग) असेल तर ठीक. बँक संपली की आज शूट, रात्री एडिट, उद्या टेलिकास्ट. रात्री दोन वाजता टाइमलाइनवर एकोणीस मिनिटं दिसतात. कलाकार घरी, सेट बंद. मग काय, आठ जणांच्या रिअ‍ॅक्शन, प्रत्येकी तीनदा, थोडं स्लो करून. एकदा तर एका काकांची रिअ‍ॅक्शन आदल्या आठवड्यातल्या सीनमधून उचलली होती. साखरपुड्याला ते ज्या चेहऱ्याने जांभई दाबत होते, तोच चेहरा अपघाताच्या बातमीला लावला. कुणाला कळलं नाही. उलट काकांचं कौतुक झालं, किती आतून दुःख दाखवलं म्हणून.

गुरुवारी रेटिंग यायचे आणि शुक्रवारी ट्रॅक बदलायचा. मेलेलं माणूस कधी परत येईल याचा भरवसा नाही, म्हणून एका पात्राचा फोटो भिंतीवर लावताना हार बारीक लावा असं सांगितलं होतं. काढायला बरा.

तुमच्या आईंसाठी: 'ब्योमकेश बक्षी', दूरदर्शनची हिंदी गुप्तहेर मालिका, १९९३. दिग्दर्शन बासू चटर्जींचं, ब्योमकेश रजित कपूर. लोक खोलीत बसून नीट वाक्यं बोलतात. ढॅण नाही.

---

तिसरा मजला

@कापाकापी, हार बारीक लावा! आता भिंतीवरचा प्रत्येक फोटो मी हाराच्या जाडीवरून बघणार.

---

रविवार सकाळ

१९८८चं 'महाभारत'. हरीश भिमानींच्या आवाजातला निवेदक 'समय' बोलायला लागला की चित्र नसलं तरी अडत नाही. आमच्या आजोबांनाही दिसायचं कमी. ते डोळे मिटूनच बसायचे, आम्हाला वाटायचं झोपले. कोणी पाणी मागितलं की मिटल्या डोळ्यांनी 'श्शू' करायचे.

'रात्रीस'च्या दुसऱ्या पर्वाबद्दल मात्र असहमत. शेवंता आणि अण्णांशिवाय ती मालिका म्हणजे नुसता वाडा.

---

खिडकीजवळचा

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवस प्रयोग केले, म्हणून उशिरा लिहितोय.

'ब्योमकेश' अर्ध्यावर राहिलं. आईला हिंदी कळतं, पण ती म्हणाली, "हे सगळे इतकं हळू का बोलतात, घरात कोणी आजारी आहे का?" तीस वर्षं सासूसुनांचा आवाज ऐकल्यावर कान तसेच होतात. 'महाभारत' तिला पाठ आहे, समयच्या आधी तीच सांगते.

'टिपरे' जमलं. आबांची डायरी सुरू झाली की मी उठून चहा टाकू शकतो, हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा जमलं. एका भागाच्या शेवटी आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शिऱ्याचा चेहरा कसा आहे रे?" मी सांगायला गेलो आणि अडलो. केस कसे, अंगाने कसा, सगळं सांगितलं. तिला पटेना. शेवटी म्हणालो, आपला बंटी कॉलेजात होता ना, तसा. "हां," म्हणाली, आणि पुढचा भाग लाव म्हणाली.

@ओट्यापाशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने तुम्हाला 'शहाणी बाई' म्हटलंय आणि मला 'बघ'.

आठची मालिका काही सुटलेली नाही. परवा भर लग्नात कुणीतरी आलं, तीनदा ढॅण झालं. मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "सगळे बघतायत. कळलं. काका जांभई देतायत का तेवढं सांग."